तांब्याच्या तीन चुका

एकतिसावं पान वाऱ्याने उचललं आणि नेलिदा ओरडली. ओरडून काही होणार नव्हतं, पण माणूस ओरडतोच. पान धक्क्याच्या ओल्या फळ्यांवरून घसरत थेट कडेला गेलं... आणि आता समुद्रात पडणार, इतक्यात एका बुटाने ते दाबून धरलं.

"पाय काढा! आधी पाय काढा!"

"काढला तर जाईल की," बुटाचा मालक शांतपणे म्हणाला.

लोकरीची टोपी, दाढीत अडकलेला लाकडाचा भुसा, खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेलं होडीचं सुकाणू. त्याने वाकून पान उचललं, बाहीने पुसलं, आणि देता देता त्याची नजर अक्षरांवर गेली. तिथेच थांबली. पाऊस त्याच्या मानेवरून आत उतरत होता, पण त्याला भान नव्हतं.

"काय झालं?" नेलिदाने विचारलं.

"काही नाही." त्याने पान तिच्या हातात दिलं. "जाऊ द्यायला हवं होतं मी. काय हे लिहिणं!"

"अर्ध्या पानावरून कळलं तुम्हाला?"

"भात शिजला की नाही ते एका शितावरून कळतं."

"मग तुमचं शीत तुमच्यापाशी ठेवा," नेलिदा फणकारली आणि पानं कोटाच्या आत, छातीशी धरून लाँचच्या छपराखाली जाऊन बसली. तो समोरच्या बाकावर बसला. पूर्ण पाऊण तास दोघं एकमेकांकडे न बघण्याची पराकाष्ठा करत होती, आणि न बघता ज्या गोष्टी दिसतात त्या सगळ्या नेलिदाला दिसल्या. त्याच्या उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलं होतं. आणि तो मधूनच तिच्या कोटाकडे बघत होता—तिच्याकडे नव्हे, कोटातल्या पानांकडे.

त्याचं नाव लिसांद्रो मान्सिया. खाडीपलीकडच्या बेटावर तो होड्या बांधायचा.

---

दक्षिण चिलीतल्या चिलोएच्या या किनाऱ्यावर त्या वर्षी गावच्या वाचनालयाने अद्भुत लघुकादंबऱ्यांची स्पर्धा ठेवली होती. जे घडत नाही, घडूच शकत नाही, पण वाचताना घडतं, असल्या गोष्टींची. लेखकाने टोपणनाव घ्यायचं, खरं नाव वेगळ्या पाकिटात घालून वर लाख लावायची. जिंकणाऱ्याचं पाकीट फोडायचं आणि बाकीची तशीच, न फोडता, चुलीत टाकायची. हरलेल्याचं नाव कोणाला कळता कामा नये. आमच्याकडे ही मोठी सभ्यता समजतात.

जिंकलेली कथा छापली जाणार होती आणि वाचनालयाच्या होडीतून बेटाबेटांवर फिरणार होती. परीक्षक तीन. वाचनालय चालवणारे निवृत्त शिक्षक बेलार्मिनो मास्तर, पुएर्तो मोंतहून येणाऱ्या एक प्राध्यापिका, आणि तिसरी नेलिदा. ती काही लेखिका नव्हती. शिंपल्यांच्या कारखान्यात दिवसभर शिंपले सोलायची आणि उरलेल्या वेळात वाचायची. गेल्या वर्षी गावात सगळ्यांत जास्त पुस्तकं तिने नेली होती, म्हणून मास्तरांनी तिला 'सामान्य वाचक' म्हणून परीक्षक नेमलं. थोरली बहीण उर्सुला म्हणाली, "शिंपल्याच्या वासाची पहिलीच परीक्षक." पण म्हणताना तिचा ऊर भरून आला होता.

अंतिम फेरीत पाच कथा आल्या. नेलिदाचं काम असं की दर आठवड्याला शाळकरी वहीत मनात येईल ते लिहायचं, आणि ती वही दोरीने बांधून वाचनालयाच्या टेबलावर ठेवायची. शेजारी पाचही कथांच्या प्रती असायच्या. कोणीही यावं, वाचावं.

पहिल्या कथेत तांब्याच्या खाणीखाली मेलेले मजूर अजून पाळ्या करत होते. तिने लिहिलं, "निम्म्यापर्यंत श्वास रोखून वाचलं. मग लेखक मला समजावून सांगायला लागला आणि माझा श्वास सुटला."

दुसऱ्या कथेत दक्षिणेतला पाऊस कायमचा थांबतो आणि माणसं दोरांनी ढग ओढून आणतात. "लेखकाने ओल्या हवेत कपडे कधी वाळत घातले नसावेत. ढग जवळ आला की वास येतो. या ढगांना वास नाही."

पाचव्या कथेतला दीपगृहाचा राखणदार दिवसेंदिवस तरुण होत जातो. "ही दोनदा वाचली. दुसऱ्यांदा अशासाठी की पहिल्यांदा झोप लागली."

चौथी चांगली होती. एका भाषेची शेवटची म्हातारी आपली भाषा यंत्राला शिकवते, आणि ती गेल्यावर ते यंत्र एकटंच अंगाई म्हणत बसतं. "मी रडले. पण रडणं आणि पटणं वेगळं. रडून झाल्यावर मी चहा केला आणि विसरले."

तिसऱ्या कथेसाठी मात्र तिने सहा पानं भरली.

'भरतीची ताटली', टोपणनाव 'ओहोटी'. एक बेट. तिथली माणसं मेंढ्या भादरायला पार दक्षिणेला जातात आणि परतत नाहीत. जाताना प्रत्येक जण घरातली एक ताटली नेतो. वर्षातून एकदा, मोठ्या भरतीला, त्या ताटल्या पाण्यावरून एकट्याच परत येतात. कुणाच्या ताटलीत भाजलेलं मटण, कुणाच्यात बर्फ, एकीच्या ताटलीत दोन परक्या मुलांची नावं. आणि एका बाईची ताटली दरवर्षी येते ती रिकामी. आठ वर्षं. मधोमध फुटलेली ताटली, होडीला ठोकतात तसल्या तांब्याच्या तीन चुका, म्हणजे बारीक खिळे, वाकवून सांधलेली.

"आपल्याकडे शेजाऱ्याचं भांडं कोणी रिकामं परत करत नाही," नेलिदाने लिहिलं. "डुक्कर कापलं की ताटली फिरते, आणि गरिबातला गरीब असला तरी दोन बटाटे घालूनच परत करतो. त्यामुळे ही कथा किती निष्ठुर आहे ते बाहेरच्याला कळणार नाही. त्या तीन चुकांवर माझा सगळा विश्वास बसला. ताटली तरंगते हे खोटं असेल, पण त्या चुका कोणीतरी खरंच ठोकल्या आहेत. एकच गोष्ट लेखकाला विचारायची आहे. आठव्या वर्षी तरी ती भरून का नाही आली?"

ही कथा जिंकावी, छापली जावी, बेटांवर जावी—तिने इतक्या मनापासून काही मागितल्याला बरीच वर्षं झाली होती.

---

त्या शनिवारी नेलिदा वाचनालयात गेली तर तिच्या वहीवर लाकडाचा भुसा पडला होता.

"तुमची ती ताटलीवाली कथा," खिडकीपाशी उभा असलेला लिसांद्रो म्हणाला, "फारच रडकी वाटते हो."

"तुमच्यापेक्षा बरी. तुम्ही कोरडे आहात."

"एवढा भिजून आलोय, आणि कोरडा?"

नेलिदाला हसू आलं, पण तिने ते दाबलं.

"आणि चुका ठोकून ताटली सांधतं का कोणी?" तो म्हणाला. "गळेल ती."

"ताटलीत काय सूप वाढतात? तळलेलं डुक्कर कुठून गळणार?"

यावर तो हसला. पहिल्यांदाच. हसताना तो एकदम लहान दिसायचा, आणि हसून झालं की ओशाळल्यासारखा टोपी खाली ओढायचा. नेलिदाने हे लक्षात ठेवायचं ठरवलं नव्हतं... पण राहिलं लक्षात.

मग प्रत्येक शनिवारी तो यायला लागला. सकाळच्या लाँचने यायचा, कुणाची होडी दुरुस्त करायचा आणि मग वही वाचायला वाचनालयात. चौथ्या कथेचं तो तोंड भरून कौतुक करायचा, दुसरीलाही बरी म्हणायचा, पण तिसरीचं नाव काढलं की त्याची जीभ सुरी व्हायची. शेवट पळपुटा आहे म्हणे. त्या लेखकाला बाई कळलेलीच नाही म्हणे. नेलिदा भांडायची, चिडायची, घरी येऊन उर्सुलाला सांगायची, आणि सांगता सांगता तिच्या लक्षात यायचं की आठवडाभर आपण याच भांडणाची वाट बघत असतो.

"एक सांगाल का?" एकदा तिने विचारलं. दोघं वाचनालयाच्या वळचणीला उभी होती आणि त्याच्या लाँचला दहा मिनिटं होती. "तुमचं त्या लेखकाने काय घोडं मारलंय?"

त्याने टोपी आणखी खाली ओढली.

"माझ्यापुरतं बोलायचं तर... पुष्कळ," तो म्हणाला. मग खिशातून काहीतरी काढून त्याने तिच्या तळहातावर ठेवलं. सायप्रस झाडाच्या लाकडाचा चिमटा होता, बोटभर लांब, घासून रेशमासारखा गुळगुळीत केलेला. "पानं उडतात तुझी. मी दर वेळी बूट घेऊन कुठे येणार?"

'तुझी' म्हणाला तो. दोघांनीही ते ऐकलं, आणि दोघांनीही ऐकलं नाही असं दाखवलं.

---

जुलैच्या सुरुवातीला खाडीपलीकडे डुकरं कापायला सुरुवात झाली आणि सकाळच्या लाँचने ताटल्या यायला लागल्या. त्या मंगळवारी नेलिदा कारखान्यातून आली तेव्हा उर्सुला डोळे मिचकावत ओट्याशी उभी होती.

"आपल्याला ताटली आलीय. समोरच्या बेटावरून. ओतिलिया मान्सियाने पाठवलीय."

"कोण ओतिलिया?"

"लिसांद्रोची आई गं! निरोपही दिलाय. 'माझा मुलगा पुएर्तो अगिरेला होडी दुरुस्त करायला गेलाय, त्याला सांगू नका. पण दर शनिवारी ज्या वाचणाऱ्या पोरीचं कौतुक ऐकून माझे कान किटले, तिला माझ्या घरचं खाऊ दे.'" उर्सुलाने फडकं बाजूला केलं. "मांस आहे, किसलेल्या बटाट्याचे तळलेले मिल्काव आहेत... काय झालं? अगं, बस."

नेलिदाला मांसही दिसलं नव्हतं आणि मिल्कावही. तिने एक मिल्काव उचलून बाजूला ठेवला, मग दुसरा, आणि मधली, निळ्या काठापर्यंतची जागा मोकळी केली. ताटली मधोमध फुटलेली होती. तडा ओलांडून ओळीने तीन टाके घातले होते. होडीला ठोकतात तसल्या तांब्याच्या चुका, वाकवून, आपटून सपाट केलेल्या.

"बाई गं," उर्सुला वाकून म्हणाली. "चिनी मातीला चुका कोणी ठोकल्या?"

"ताई," नेलिदाने टाक्यांवर बोट ठेवलं. "ओहोटी."

उर्सुलाने वही वाचली होती, सगळ्या गावाने वाचली होती. तिने कपाळाला हात लावला. "काखेत कळसा आणि गावाला वळसा! तीन महिने तू त्या लेखकासाठी त्याच्याशीच भांडतेयस?"

नेलिदाला हसू आलं नाही. तिला धक्क्यावरचा तो चेहरा आठवला, मानेवरून उतरणारा पाऊस, तिसऱ्या कथेच्या एकतिसाव्या पानावर थांबलेली नजर. तो का शिव्या देत होता तेही तिला आता कळलं. एक शब्द चांगला बोलला असता तर ती वशिलेबाजी झाली असती. म्हणून आपल्याच कथेला तो दर शनिवारी तिच्यासमोर झोडपत होता, आणि नेलिदाने कथेची बाजू घेतली की टोपी खाली ओढून घेत होता.

निर्णयाला आठ दिवस होते.

"कोणाला कळणार आहे?" उर्सुला म्हणाली. "ताटली घासून परत पाठव, आणि तुला द्यायचं ते मत दे. कळायच्या आधीपासून तुला तीच कथा आवडत होती ना? मग? उगाच नाकाने कांदे सोलू नकोस."

"आवडत होती."

"मग झालं तर."

"पण आता आवडते की नाही ते मला सांगता येईना, ताई." नेलिदा खाली बसली. "काल रात्रीपर्यंत ते पुस्तक होतं. आता मी त्यातलं कुठलंही वाक्य आठवलं तरी मला तो बोलताना ऐकू येतो. त्या बाईच्या दारात तो उभा दिसतो, लहान, नऊ-दहा वर्षांचा. ती बाई कोण ते मला कळलंय. मी आता वाचक नाही राहिले गं. मग सामान्य वाचक म्हणून हात कसा वर करू?"

"तू माघार घेतलीस तर तो हरेल."

ते नेलिदाला ठाऊकच होतं. मास्तर तिसरीच्या बाजूने होते, प्राध्यापिका चौथीच्या. आणि नियम असा की बरोबरी झाली तर बाहेरच्या परीक्षकाचं मत धरायचं, गाववाल्यांवर आळ नको. प्राध्यापिकाबाईंनी तर मागच्या बैठकीत विचारलंही होतं, "ताटली रिकामी आली तर एवढं काय बिघडलं?" त्यांना ते समजावून सांगणारी एकटी नेलिदाच होती.

ती रात्रभर तळमळली. सकाळी कारखान्यात जायच्या आधी मास्तरांच्या दारात उभी राहिली.

"मास्तर, मला एका कथेचा लेखक कळलाय."

"नाव घेऊ नकोस!" मास्तरांनी खरोखरच दोन्ही कान झाकले. तिने मान हलवली तेव्हा कुठे हात काढले. चष्म्यावरून तिच्याकडे बघत त्यांनी हळूच विचारलं, "तिसरी?"

तिचे डोळे भरून आले, आणि मास्तरांनी आयुष्यभर पोरांचे चेहरेच वाचले होते.

"तू गप्प बसली असतीस तर मला कधी कळलं नसतं," ते म्हणाले.

"हो."

"आणि मलाही तीच हवी होती, पोरी." ते वैतागून उठले आणि त्यांनी चुलीत विनाकारण एक लाकूड ढकललं. "जा. वही इथे ठेवून जा."

---

निकालाच्या दिवशी वाचनालयात उभं राहायला जागा नव्हती. ओल्या लोकरीचा वास कोंदला होता. नेलिदा शेवटच्या बाकावर बसली होती, परीक्षकांच्या टेबलाशी तिसरी खुर्ची रिकामी.

"सामान्य वाचक नेलिदा बारिया," मास्तरांनी कागदावरून वाचलं, "यांना एका लेखकाची ओळख पटल्यामुळे त्यांनी माघार घेतली आहे."

कुजबुज झाली. नेलिदाने मान वळवली. लिसांद्रो दाराशी उभा होता, नुकताच आलेला, अंगावरून पाणी निथळत होतं. तो तिच्याकडेच बघत होता. त्याला कळलं—ते कळताना तिने पाहिलं. मग चौथ्या कथेचं नाव पुकारलं गेलं, टाळ्या वाजल्या, वाल्दिव्हियाच्या कुणा बाईंचं पाकीट फोडलं गेलं. त्या टाळ्यांत लिसांद्रोने हळूच टोपी काढली. नेलिदाने पुन्हा पाहिलं तेव्हा दारात कोणी नव्हतं.

माणसं पांगल्यावर मास्तरांनी चुलीचं झाकण उघडलं. पहिलं पाकीट गेलं, दुसरं गेलं, पाचवं गेलं. तिसरं हातात धरून ते थांबले.

"नियम काय म्हणतो? न फोडता जाळावं," ते स्वतःशीच बोलल्यासारखे बोलले. "कोणाच्या चुलीत, ते काही लिहिलेलं नाही." आणि त्यांनी ते पाकीट नेलिदाच्या कोटाच्या खिशात सरकवलं. "हे तुझ्या चुलीत जाळ. मी बघितलं नाही."

पुढचा शनिवार आला, त्याच्या पुढचाही आला. लिसांद्रो आला नाही. त्याने टोपी काढली तो निरोप होता, असं नेलिदाने मनाशी धरलं. बरोबरच होतं त्याचं. त्याच्या आईची ताटली आली आणि आपण त्याचं पुस्तक घालवलं. बेटांवर जाणारी होडी चौथी कथा घेऊन जाईल. तिला कितीदा तरी वाटलं की चुकलंच आपलं, आणि तितक्याच वेळा वाटलं की पुन्हा वेळ आली तरी हेच करू. दोन्ही खरं होतं आणि दोन्हीमुळे झोप लागत नव्हती.

"दोन आठवडे दुसऱ्याची ताटली घरात!" उर्सुलाने शेवटी तोफ डागली. "लोकं शेण घालतील तोंडात. बटाटे किसून ठेवलेत मी. मिल्काव कर, आणि दुपारच्या लाँचने स्वतः जा."

नेलिदाने मिल्काव केले. ताटलीच्या तळाशी पाकीट ठेवलं, त्याच्यावर वहीतलं एक घडी केलेलं पान, वर केळीच्या पानासारखं पसरट हिरवं नाल्काचं पान, आणि त्यावर गरम मिल्काव. उर्सुलाने आपलं पिवळं मोठं वाडगं वरून उपडं घातलं आणि फडक्यात गच्च बांधलं. "पाऊस लागायला नको," ती निरागसपणे म्हणाली.

---

बेटावरच्या त्या घरात लाकूड आणि डांबराचा वास होता. ओतिलियाकाकू दारातच उभ्या होत्या. त्यांनी गाठोडं घेतलं, टेबलावर सोडलं, वाडगं उचललं, आणि वाफेवर हात धरला.

"ही ताटली मी लिसांद्रोच्या बापाला पाठवली होती," त्या म्हणाल्या. "पार दक्षिणेला, मागायानेसला. एक शेजारी निघाला होता, त्याच्याबरोबर. भरून. आठ महिन्यांनी परत आली. फुटलेली, आणि रिकामी. चिठ्ठीसुद्धा नाही. हा नऊ वर्षांचा होता. मी फेकायला निघाले तर हा म्हणाला, आई, थांब." त्यांनी काठाजवळच्या एका चुकेवरून बोट फिरवलं. "तेव्हापासून मी कोणाकडे पाठवायची झाली तर हीच पाठवते. बघते, भरून येते का. सगळे भरून पाठवतात हो. पण आज मला... जा, तो मागे आहे कामाच्या खोपटात."

नेलिदाने मिल्कावांखालून पाकीट आणि घडीचं पान काढून घेतलं आणि ती मागे गेली. लिसांद्रो अर्ध्या बांधलेल्या होडीच्या फासळ्यांमध्ये बसला होता. तिला बघून तो उठला, आणि उठताना डोकं आपटलं.

"बस," नेलिदा म्हणाली. "मी भांडायला नाही आले." तिने पाकीट आणि पान त्याच्या पुढ्यात धरलं. "हे तुझं. न फोडलेलं आहे, लाख बघ. आणि हे माझं."

"माझ्यावर चिडली नाहीस?"

"मी? तू निघून गेलास तिथून."

"मी टोपी काढली!"

"निघालास म्हणून काढलीस ना?"

"भर पावसात टोपी काढून कोण निघतं, नेलिदा?" तो असहायपणे म्हणाला. "तुझ्यासाठी काढली. एवढ्या लोकांत दुसरं काय करता आलं असतं? आणि मग आलो नाही कारण... कुठल्या तोंडाने येणार? तीन महिने तुझ्यासमोर बसून मी खोटं बोललो. पहिल्याच दिवशी लाँचमधून उडी मारायला हवी होती. ताटलीत तीन चुका आहेत, चौथी ही."

"वाच ना ते," ती म्हणाली. तिने आपले हात कोटाच्या बाह्यांत लपवले.

त्याने पान उलगडलं. वाचताना त्याचे ओठ हलत होते, त्यामुळे कुठे पोचलाय ते तिला कळत होतं.

'तिसऱ्या कथेबद्दल हे शेवटचं. हे वहीत ठेवता येणार नाही. आठव्या वर्षी ताटली रिकामी का, असं मी विचारलं होतं. ती ताटली हातात घेतल्यावर मला उमगलं, की ती खरंच रिकामी आली असणार, आणि लेखकाने खोटं लिहिलं नाही. त्याला मी पळपुटा म्हणू देणार नाही, त्याने स्वतः म्हटलं तरी. या कथेचं मूल्यमापन मला करता येत नाही, कारण ज्याने त्या चुका ठोकल्या तो माणूस मला आवडतो. फार आवडतो. शनिवार नसलेल्या दिवशीसुद्धा. म्हणून मत देता आलं नाही. ताटली मात्र भरून देता येते.'

बाहेर छपराच्या लाकडी फळ्यांवर पाऊस वाजत होता. लिसांद्रोने पान घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवलं. मग पाकीट उचललं, कोपऱ्यातल्या छोट्या चुलीचं दार उघडलं, आणि ते आत टाकलं. लाख क्षणभर उकळली आणि काळी झाली.

"अरे! उघडून तरी..."

"नावच आहे आत," तो म्हणाला. "ते तुला माहीत आहे. आणखी कोणाला कळायला हवंय?"

त्याने हात पुढे केला. भुशाने माखलेला, काळ्या नखाचा. तिने तो धरला आणि शिंपल्यांच्या वासाचे आपले हात लपवायचं विसरून गेली. 

"शेवट बदलावा लागेल," तो म्हणाला.

"स्पर्धा संपली रे."

"स्पर्धेसाठी कोण म्हणतंय?"

लाँचचा भोंगा वाजला. ती घाईने घरात आली तर ओतिलियाकाकू ते पिवळं वाडगं पोटाशी धरून बसल्या होत्या.

"हे मी आज देणार नाही," त्या म्हणाल्या. "घरात आत्ता भरून द्यायला काही नाही. रिकामं भांडं या घरातून जायचं नाही. शनिवारी लिसांद्रो घेऊन येईल."

तेव्हा कुठे नेलिदाच्या डोक्यात प्रकाश पडला. पाऊस लागायला नको म्हणे! घरी जाऊन तिने उर्सुलाला काही विचारलं नाही, फक्त मागून जाऊन घट्ट मिठी मारली.

---

शनिवारी ती सकाळपासून धक्क्यावर होती. लिसांद्रो लाँचमधून उतरला, दोन्ही हातांत फडक्याने बांधलेलं वाडगं. तिच्या शेजारी ओल्या बाकावर बसला आणि टोपी नाकापर्यंत ओढली.

वाडग्यात आईने दिलेली सफरचंदं होती. सफरचंदांवर सायप्रसच्या चिमट्यात धरलेलं एकच पान. तिचा चिमटा तिच्या खिशात होता, म्हणजे हा दुसरा, नवा.

पान त्याच्या हाताने लिहिलेलं होतं. पहिली ओळ होती: 'नवव्या वर्षी ताटली आली तेव्हा बाईने ती दुरूनच ओळखली, कारण त्या दिवशी ती पाण्यात नेहमीपेक्षा खोल बसली होती. भरलेल्या होड्या बसतात तशी.'

नेलिदाने एवढंच वाचलं. पुढचं दिसेना. तेवढ्यात खाडीवरून वारा आला आणि पान फडफडलं, तशी तिने ते दोन्ही हातांनी छातीशी दाबून धरलं.

"जाऊ दे ना," तो टोपीआडून म्हणाला. "कसलं ते लिहिणं!"

"गप्प बस," नेलिदा म्हणाली. "मी वाचतेय."